सीझनला पार्सलचं काम: ठेवून घेतात का, आणि हातात काय उरतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २३, बीकॉम झालंय, घर जुळे सोलापुरात, स्वतःची १०० सीसीची गाडी. एका पार्सल कंपनीच्या हबवर (माल उतरवून वाटायचं केंद्र) दसऱ्याच्या आधीपासून दिवाळीपर्यंत माणसं घेतायत आणि ‘महिन्याला ३० हजारांपर्यंत’ सुटतील असं सांगितलंय. दोन मित्र म्हणतात, दोन महिने राबवून घेतात आणि भाऊबीज झाली की घरी बसवतात. तर कायम होण्याची शक्यता किती, आणि ठेवून घ्यावं म्हणून काय करायचं?

मी या कामात अकरा सीझन काढलेत. पहिले दोन सीझनपुरता घेतलेला पोरगा म्हणून, पुढचे तीन कायम रायडर (दुचाकीवर पार्सल वाटणारा) म्हणून आणि गेले सहा सोलापुरातल्याच एका हबचा इन्चार्ज म्हणून. दिवाळीनंतर कुणाला थांबवून घ्यायचं त्याची यादी माझ्याच टेबलावर तयार होते, म्हणून हे उत्तर दोन्ही बाजूंनी देता येईल.

तुमचे मित्र खोटं बोलत नाहीत. सीझनला घेतलेल्यांतले बहुतेक जण दिवाळीनंतर नसतात. काहींना थांबवलं जातं, त्याहून जास्त आपणहून सोडतात. माझ्याकडे एका वर्षी १४ जणांतले ५ राहिले आणि एका वर्षी एकही नाही. त्या वर्षीची मुलं कमी पडली असं नव्हतं. जुन्यांतलं कुणी काम सोडलं नव्हतं आणि दिवाळीनंतरचा लोड जुन्या माणसांतच भागत होता, एवढंच. जागा रिकामी होणं तुमच्या हातात नाही, माझ्याही नाही. म्हणून ‘कायम होईन का’ या प्रश्नावर काम घ्यायचं की नाही ते ठरवू नका. असं विचारा: भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी थांबवलं तरी हे दोन महिने मला परवडले का? पैसे हातात आले का, हिशोबात काही अडकलं नाही ना, हातपाय धड राहिले का? या तिन्हींना ‘हो’ म्हणता येईल अशा रीतीने काम करता येतं. आणि माझा अनुभव असा की जो तसं करतो, त्याचंच नाव पुढे यादीत वर असतं.

आता सीझन म्हणजे काय ते आधी समजून घ्या, कारण घेणारा माणूस ते सांगत नाही. मोठे ऑनलाइन सेल नवरात्राच्या आसपास लागतात आणि लक्ष्मीपूजनाच्या दोन-तीन दिवस आधीपर्यंत माल वाहत राहतो. माझ्या हबवर एरवी पहाटे एक मोठी गाडी लागते, सीझनला तीन लागतात. माल तिप्पट होतो, पण हबची जागा तेवढीच, स्कॅनर तेवढेच, जुनी माणसंही तेवढीच. त्या फटीत तुम्हाला घेतलं जातं. त्यामुळे शिकवायला कुणाला वेळ नसतो. पहिल्या दिवशी एखाद्या जुन्या रायडरच्या मागे बसवतात आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या हातात ४० पार्सलं देतात.

२०२५ चं उदाहरण सांगतो. सेल २३ सप्टेंबरला लागले आणि नेमका त्याच दिवसांत सीना नदीला पूर आला. लांबोटीजवळ पुण्याचा रस्ता बंद, हत्तूरजवळ विजापूरचा. आमच्या गाड्या वाटेत अडकल्या आणि रस्ता खुला झाल्यावर साचलेला सगळा माल एकाच पहाटे उतरला. त्या सकाळी नव्या मुलांतले दोघं बॅगांचा ढीग बघून चहाला म्हणून गेले ते परत आले नाहीत. मी त्यांना दोष दिला नाही. असं होऊ शकतं हे त्यांना आधी कुणी सांगितलंच नव्हतं. सोलापुरात सप्टेंबर हाच जास्त पावसाचा महिना, त्यामुळे हे दरवर्षी थोड्याफार फरकाने होणार असं धरूनच चला.

काम घेताना पहिलं विचारा की काम कोणतं. ‘हबवर काम’ यात तीन वेगळी कामं येतात. एक सॉर्टिंगचं: रात्री-पहाटे गाडी खाली करायची, बॅगा फोडायच्या, स्कॅन करून पिनकोडप्रमाणे, रूटप्रमाणे माल लावायचा. दुसरं छोट्या हत्तीवर हेल्परचं: वॉशिंग मशीन, टीव्ही, जड खोकी. तिसरं दुचाकीवर डिलिव्हरीचं. सॉर्टिंगला बहुधा ठरलेला रोज असतो, पेट्रोल जळत नाही, पण झोपेचं गणित बिघडतं आणि कंबर धरते. हेल्परला कष्ट सगळ्यांत जास्त आणि पैसे त्या मानाने कमी, हे माझं स्पष्ट मत आहे. तुम्हाला सांगितलेले ३० हजार डिलिव्हरीचे असणार, म्हणून पुढचं त्याबद्दल लिहितो.

दुसरं विचारा की माझं नाव कुणाच्या रोलवर. अंगात टी-शर्ट एका कंपनीचा असतो आणि पैसे देणारा व्हेंडर, म्हणजे ठेकेदार, दुसराच असतो. इथे दोन रस्ते आहेत. व्हेंडरच्या रोलवर पगारी घेतलं असेल तर पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा) कापतात का ते विचारा. पीएफला पगारातून १२ टक्के जातात आणि ते तुमच्याच खात्यात राहतात. यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, एकदा मिळाला की जन्मभर तोच चालतो, तो लिहून ठेवा. ईएसआयला तुमचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के जातात, पगार २१ हजारांच्या आत असेल तर. मुलं म्हणतात, दोन महिन्यांसाठी ईएसआय कशाला कापून घ्यायचं? कारण कामावर झालेल्या अपघाताला ईएसआयचं संरक्षण कामाला लागल्या दिवसापासून असतं, त्याला अमुक महिने हप्ते भरल्याची अट नाही. दोन महिन्यांच्या माणसाला त्याच्याइतकी उपयोगाची दुसरी गोष्ट नाही. शिवाय नवी वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्याप्रमाणे पगारी माणसाने काम सोडलं किंवा त्याला काढलं तर राहिलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा असतो. हे तोंडपाठ असू द्या.

दुसरा रस्ता ‘पार्टनर’ म्हणून, पार्सलमागे रेटवर. यात पगार नाही, पीएफ नाही, रजा नाही. कायद्याच्या भाषेत तुम्ही गिग कामगार. त्याच तारखेला लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत या माणसांचा पहिल्यांदा उल्लेख आला आणि कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्यासाठीच्या निधीत द्यायची अशी तरतूद झाली. तुमच्या बाजूने करायचं एवढंच की ई-श्रम या सरकारी पोर्टलवर आधारने नोंदणी करून ठेवा, अर्ध्या तासाचं काम आहे. आणि अपघात विमा आहे असं तोंडी सांगितलं तर ‘पॉलिसीचा कागद व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा’ म्हणा. असेल तर लगेच येतो. पेआउटमधून १ टक्का टीडीएस कापला गेला तर घाबरू नका, आयकर रिटर्न भरून तो परत मिळतो. मात्र पॅन दिला नाही तर कपात २० टक्के होऊ शकते, म्हणून पॅन पहिल्याच दिवशी द्या.

आणि कामाला लावण्यासाठी कुणी नोंदणीचे, टी-शर्टचे, बॅगेचे पैसे आधी मागितले तर तिथून निघा. पोलीस पडताळणीचा दाखला मागतील, त्याचं सरकारी शुल्क आपण भरायचं असतं ते वेगळं. पण हबचा माणूस स्वतःच्या फोनवर पैसे मागतो तेव्हा काम नसतंच.

आता ३० हजारांचं बघू. आकडे मी उदाहरणाला घेतोय, तुमचा रेट वेगळा असेल, पण गणिताची रीत हीच. समजा पार्सलमागे १४ रुपये. सकाळी ८५ पार्सलं मिळाली तरी सगळी जात नाहीत. कुणी घरी नसतं, कुणी फोन उचलत नाही, कुणी घेतच नाही. ७० गेली असं धरा. ९८० रुपये झाले. महिन्याला २६ दिवस म्हणजे २५,४८०. जुळे सोलापूर, सैफुल, विजापूर रोड अशा रूटला हब धरून दिवसाला ६० किलोमीटर सहज होतात, आणि दर दोनशे मीटरवर थांबणारी गाडी कंपनीच्या जाहिरातीतलं अ‍ॅव्हरेज देत नाही. ४५ धरा. दिवसाचं पेट्रोल १४० रुपये. टायर, ब्रेक शू, ऑइल, क्लच वायर यांचे दिवसाला ५० बाजूला काढा. मुलं हे कधीच धरत नाहीत आणि डिसेंबरमध्ये गॅरेजवाल्याला देताना रडतात. दिवसाचे १९० गेले, महिन्याचे ४,९४०. राहिले २०,५४०. ‘३० हजारांपर्यंत’ यातला ‘पर्यंत’ हा शब्द एवढा मोठा आहे. इन्सेन्टिव्ह वेगळा मिळतो, पण तो बहुतेक वेळा सलग हजेरीवर किंवा अमुक टक्के डिलिव्हरीवर असतो आणि एक दिवस आजारी पडलात तर आठवड्याचा जातो. म्हणून इन्सेन्टिव्ह धरून घरी आकडा सांगू नका. आईला वीस सांगा, बावीस आले तर बरंच आहे.

वीस हजार रुपये दोन महिने, तुमच्या वयाला, सोलापुरात, वाईट नाहीत. एमआयडीसीत पहिल्या नोकरीला याहून कमीवर मुलं लागतात हे मला माहीत आहे. पण ते वीस पूर्ण हातात यायला हवेत, आणि ते गळतात कुठे तर रोखीत.

माझ्या पहिल्या सीझनला माझे ४,२०० रुपये गेले. धनत्रयोदशीची संध्याकाळ होती, सीओडीची (पार्सल देताना ग्राहकाकडून घेतलेली) रोख घेऊन मी नऊ वाजता हबवर आलो तर कॅशियर निघून गेला होता. टीम लीडर म्हणाला, दे माझ्याकडे, सकाळी जमा करतो. मी दिले. सकाळी माझ्या नावावर शॉर्ट, म्हणजे रोख कमी भरल्याचं दिसत होतं आणि त्याला काही आठवत नव्हतं. पावती नाही, मेसेज नाही, साक्षीला कुणी नाही. पेआउटमधून कापले. आमच्या घरात ती दिवाळी कशी झाली हे मला अजून आठवतं, आणि म्हणूनच आज माझ्या हबवर शेवटचा रायडर येईपर्यंत कॅश काउंटर बंद होत नाही. तुमच्या हबवर तसं नसेल तर रोख कुणाच्याही हातात द्यायची नाही, इन्चार्ज असला तरी. अ‍ॅपमध्ये जमा दिसल्याचा स्क्रीनशॉट घेतला की मगच गाडीला किल्ली. उशीर झाला आणि काउंटर बंद असेल तर तसा मेसेज ग्रुपवर टाका, रक्कम लिहा आणि पैसे घरी कपाटात ठेवा.

ग्राहकाकडे नोटा त्याच्यासमोर मोजा. ‘तुझ्या नंबरवर पाठवतो’ म्हणाला तर नाही म्हणा. कंपनीच्या अ‍ॅपमधला क्यूआर दाखवा किंवा रोख घ्या. तुमच्या खात्यात आलेला पैसा तुम्ही रोखीने भरलात तरी तपासणीत तो संशयाचा विषय होतो. मी याच कारणाने एका चांगल्या मुलाला वाचवू शकलो नव्हतो. ओटीपी पार्सल हातात दिल्यावरच घ्यायचा, फोनवर आधी मागून ठेवायचा नाही. आणि परत न्यायचं पार्सल असेल, ज्याला आम्ही रिव्हर्स पिकअप म्हणतो, तर खोकं उघडून बघा. मोबाइलचा आयएमईआय नंबर जुळतो का, बुटाच्या खोक्यात तोच बूट आहे का, कपड्याचा टॅग आहे का. जुळत नसेल तर पिकअप घेऊ नका, ग्राहक कितीही चिडला तरी. हबवर चुकीचा माल उघडला की प्रश्न ग्राहकाला विचारत नाहीत, तुम्हाला विचारतात.

सकाळचंही तसंच. रनशीटवर (दिवसाच्या पार्सलांची यादी) ८५ आहेत आणि हातात ८४, तर ते एक सापडेपर्यंत किंवा रनशीटमधून काढेपर्यंत निघायचं नाही. मागून घाई करतील, ‘असेल रे बॅगेत’ म्हणतील. दहा मिनिटं लागतात. संध्याकाळी तेच पार्सल दोन हजारांचं निघतं.

आता भाग ओळखण्याबद्दल, कारण यात तुमचा फायदा आहे आणि तो तुम्हाला माहीत नाही. पुण्याचा मॅनेजर नकाशावर रूट आखतो. पण घरात माणूस कधी असतो हे नकाशात नसतं. पूर्व भागात अनेक घरांतल्या बायका विड्या वळतात. सकाळी त्या माल द्यायला आणि पानं आणायला कारखान्यात जातात, दुपारी घरी असतात. तिथे सकाळी दहाला गेलात तर कुलपं, दुपारी दोनला गेलात तर गल्लीच्या गल्ली पूर्ण होते. जुळे सोलापूर आणि विजापूर रोडला नोकरीवाली माणसं जास्त, तिथे सकाळी साडेनऊच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर. नवी पेठेत दुकानं उघडल्यावर पहिला तास, कारण दिवाळीच्या आदल्या आठवड्यात दुपारनंतर तिथे गाडी लावायलाही जागा मिळत नाही. आणि आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं. ज्या भागात ज्या दिवशी पाणी सुटणार त्या दिवशी त्या वेळेला घरात हमखास कुणीतरी असतं. मी रायडर असताना पाण्याचं वेळापत्रक खिशात ठेवत होतो. रनशीटचा क्रम थोडा बदलायची मुभा बहुतेक अ‍ॅप देतात, ती वापरा. ८५ पैकी ६० जाणारे आणि ७५ जाणारे यांच्यात वेगाचा फरक नसतो, याचा असतो.

विडी घरकुल, रे नगर या मोठ्या वसाहती ही वेगळीच शिकवण आहे. कुंभारीत रे नगरच्या १५ हजार घरांचं लोकार्पण १९ जानेवारी २०२४ ला झालं. एकसारख्या इमारती, एकसारखे जिने. पत्त्यात ग्रुप, इमारत आणि घर नंबर यातलं एकही कमी असेल तर दारोदार विचारत बसू नका, निघण्याआधीच फोन करून लिहून घ्या. आणि एकदा सापडलेलं घर वहीत टिपून ठेवा. हो, वहीत. मोबाइल उन्हात तापून बंद पडतो, वही पडत नाही.

भाषेची मदत होते. अशोक चौक, दत्त नगर भागात दारात उभं राहून तेलुगूत ‘अक्का, पार्सल वच्चिंदी’ म्हटलं तर दार लवकर उघडतं. होटगी रोड, अक्कलकोट रोडच्या कानडी घरांत ‘पार्सल बंदद री’. चार शब्द पुरतात. मी पूर्व भागातल्या एका मावशीकडून शिकलो, त्या अजून सणाला डबा पाठवतात.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. रात्री आठला २० पार्सलं उरली की कुणीतरी सुचवेल: ‘ग्राहक उपलब्ध नाही’ टाक आणि ये. याला आम्ही फेक रिमार्क म्हणतो. जायचं नाही, फोन करायचा नाही, फक्त बटण दाबायचं. असं करू नका. ते पकडलं जातं, कारण बटण दाबताना तुम्ही कुठे होता आणि फोन केला होता का हे दोन्ही दिसतं. पण माझा आक्षेप तेवढ्यासाठी नाही. माझ्या हबवर एकाने असंच एका यंत्रमागवाल्याचं पार्सल दोन दिवस फिरवलं. आत मागाच्या मोटरचा एक छोटा भाग होता. तो माणूस हबवर आला तेव्हा भांडला नाही. दोन दिवस माग बंद आहे, दोन कामगारांना रोज कुठून देऊ, एवढंच विचारलं. दिवाळी आठ दिवसांवर होती. आपल्यासाठी ते एक खोकं असतं, पण आत काय आहे ते आपल्याला माहीत नसतं. नाही पोहोचलं तर ‘वेळ झाली नाही’ असा खरा रिमार्क टाका. त्यासाठी माझ्यासारख्याचे चार शब्द ऐकावे लागतील, ते ऐका. सलग चार दिवस लोड उरत असेल तर चूक रूट आखणाऱ्याची आहे आणि खऱ्या रिमार्कमुळेच ती मला दिसते.

शरीराचं थोडक्यात. ऑक्टोबरचं ऊन पावसाळ्यानंतर जास्त लागतं. दोन लिटर पाणी बरोबर आणि दुपारी वीस मिनिटं सावलीत बसून भाकरी, एवढं ठरवून करा. पाठीवरच्या बॅगेत १५ किलोच्या वर घेऊ नका. टाकीवर ठेवलेलं खोकं हँडल वळू देत नाही, तिथे काहीच ठेवू नका. दुसरी फेरी मारा, पेट्रोल जाईल पण मान वाचेल.

आणि रस्ता. दिवाळीच्या सुमाराला साखर कारखान्यांचे गाळप सुरू होतात. अंधार पडल्यावर अक्कलकोट रोडला, मंद्रूपच्या बाजूला उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात आणि कित्येकांच्या मागे लाल दिवा तर सोडा, रिफ्लेक्टरसुद्धा नसतो. माझा एक रायडर अशाच ट्रॉलीला मागून धडकला. हेल्मेट होतं म्हणून वाचला, पण मनगट अजून पूर्ण वळत नाही. खेड्याचा रूट असेल तर तो आधी संपवा, शहराचा नंतर. अंधारात खेड्याचं पार्सल उरलं तर उरू द्या.

गाडीच्या विम्याची प्रत काढून एकदा वाचा. खासगी दुचाकीच्या नेहमीच्या पॉलिसीत माल वाहून नेण्याचा वापर वगळलेला असतो. म्हणजे गाडीचं नुकसान झालं तर डिलिव्हरीच्या कामात होती या कारणाने दावा अडू शकतो. एजंटला सरळ विचारा की या कामासाठी काय करता येईल आणि त्याचं उत्तर लेखी घ्या. हबच्या माणसालाही विचारा की अपघातात गाडीचं कोण बघणार. बहुतेक ठिकाणी उत्तर ‘तुमचं तुम्ही’ असंच येईल. ते आधी माहीत असलेलं बरं.

आता तुमचा मूळ प्रश्न, ठेवून घेतात कुणाला. सगळ्यांत जास्त पार्सलं टाकणाऱ्याला, असं मुलांना वाटतं. मी यादी करतो तेव्हा तीन गोष्टी बघतो. पहिली, महिनाभरात त्याच्या नावावर कॅश शॉर्ट किती वेळा आलं. दुसरी, ग्राहकांच्या तक्रारींत ‘रायडर आलाच नाही’ अशा किती. तिसरी, सुट्टी हवी असताना त्याने आदल्या संध्याकाळी सांगितलं की सकाळी फोन बंद ठेवला. मला रोज ७० टाकणारा आणि कधीही न सांगता न जाणारा मुलगा, ९५ टाकून आठवड्यातून एकदा गायब होणाऱ्यापेक्षा जास्त उपयोगाचा आहे, कारण त्याच्या भरवशावर मी उद्याचा रूट लावू शकतो.

आणि एक गोष्ट कुणीच सांगत नाही. दिवाळी संपली की काम संपत नाही, उलटं फिरतं. साइज बसला नाही, रंग आवडला नाही, दोनदा मागवलं गेलं. भाऊबीजेनंतरचे दोन-तीन आठवडे परतीच्या पिकअपचे असतात. नेमकी तेव्हाच सीझनची मुलं पैसे घेऊन निघून जातात आणि जुनी रजेवर जातात. त्या दिवसांत जो थांबतो त्याच्याकडे हबचं लक्ष जातं, कारण त्याची गरज असते. पाडव्याच्या आधीच इन्चार्जला सांगून ठेवा: ‘परतीच्या मालासाठी मी नोव्हेंबरभर आहे.’ रेट थोडा कमी मिळेल. तरी थांबा. माझ्या हबवर पुढे राहिलेल्या मुलांतले बहुतेक याच फटीतून आत आले, मीही तसाच आलो. मग तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई लागते, जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेआधी पुन्हा लोड थोडा चढतो, आणि तोपर्यंत जुन्यांतलं एखादं कुणी गावाला, पुण्याला निघून गेलेलं असतं.

जागा झालीच नाही तर जाताना मोकळ्या हाताने जाऊ नका. बॅग, आयडी कार्ड, टी-शर्ट जमा केल्याची पोच घ्या, नावावर काही बाकी नाही असा मेल किंवा मेसेज घ्या आणि किती दिवस काम केलं याचं पत्र मागा. मी ते कुणालाही नाकारलेलं नाही. पुढच्या वर्षी सप्टेंबरला मी पहिला फोन या पत्रवाल्यांनाच करतो, आणि त्यांना रूट निवडू देतो.

हो म्हणण्याआधी एक सकाळ खर्च करा. पहाटे सहाला त्या हबच्या गेटवर जा, आत जाऊ नका, बाहेर टपरीवर बसा. रायडर निघायला साडेनऊ होतात की अकरा, ते बघा. अकरा होत असतील तर सॉर्टिंग मागे आहे आणि तुमची संध्याकाळ रोज दहाला संपणार. चहा घेणाऱ्या एखाद्या जुन्या रायडरला विचारा की मागचा पेआउट किती तारखेला आला. एवढं विचारलं की तो बाकीचं आपणहून सांगतो.